जालन्याच्या नकाशावरचा लाल ठिपका: उपग्रहाला आग दिसते म्हणजे नेमकं काय दिसतं?

मार्च-एप्रिलमधल्या एखाद्या दिवशी नासाच्या 'फर्म्स' या संकेतस्थळावर जालना जिल्ह्याचा नकाशा उघडला, तर त्यावर लाल ठिपके विखुरलेले दिसू शकतात. काही भोकरदन-जाफराबादच्या उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगररांगेकडे, काही अंबड-घनसावंगीच्या गोदाकाठच्या उसाच्या पट्ट्यात, तर काही अगदी जालना शहराला खेटून. हाच नकाशा स्क्रीनशॉट होऊन व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला की त्याखाली ओळ येते, "बघा, जिल्हा कसा पेटलाय!"

ठिपके खोटे नसतात, पण ती ओळ बहुतेक वेळा खोटी असते. उपग्रहाने जे टिपलं ते एका चौकोनात सापडलेली जादा उष्णता होती. ती डोंगरावरच्या वणव्याची आहे, शेतातल्या पाचटाची आहे, की लोखंड वितळवणाऱ्या भट्टीची, हे ठरवायला नकाशाचे आणखी थर लागतात आणि शेवटी जागेवर जाणारं माणूस लागतं. जालन्यासारख्या कमी जंगलाच्या जिल्ह्यात तर हा फरक कळल्याशिवाय त्या ठिपक्याचा उपयोगच होत नाही.

उष्णता दिसते, ज्वाळा नाही

प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार अदृश्य अवरक्त किरण बाहेर टाकत असते. उन्हाळ्यातली साधी जमीन सर्वात जास्त किरण टाकते ते साधारण १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास. पेटलेलं गवत-लाकूड कितीतरी जास्त तापलेलं असतं, त्यामुळे त्याचा जोर ४ मायक्रॉनच्या जवळ सरकतो. उपग्रहावरचा संवेदक एकाच जागेकडे या दोन्ही 'डोळ्यांनी' पाहतो. ४ मायक्रॉनच्या डोळ्याला जागा फारच तेजस्वी दिसली आणि ११ मायक्रॉनच्या डोळ्याला मात्र जवळपास नेहमीसारखीच, तर त्या चौकोनाच्या एखाद्या कोपऱ्यात काहीतरी जळतंय असा अर्थ संगणक काढतो. आजूबाजूच्या चौकोनांशी तुलना करून तो खात्री करून घेतो आणि मग ठिपका टाकतो.

या पद्धतीची ताकद मोठी आहे. चौकोन एक चौरस किलोमीटरचा असला, तरी त्यातला सुमारे १,००० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दहा गुंठ्यांचा भाग पेटलेला असला तरी तो सहसा पकडला जातो. आकाश स्वच्छ आणि उपग्रह थेट डोक्यावर असेल तर याच्या एक दशांश आगही सापडू शकते.

कमजोरीही इथेच आहे. दहा गुंठे पेटले काय आणि दहा एकर पेटले काय, ठिपका एकच पडतो. तो पडतो चौकोनाच्या मध्यावर, मग आग त्या चौकोनाच्या कुठल्याही टोकाला असो.

एका ठिपक्यात ३५ एकर

आगीच्या नकाशांवर प्रामुख्याने दोन संवेदकांची माहिती असते. 'मोडिस' हा जुना. तो तेरा आणि अॅक्वा या उपग्रहांवर बसवलेला आहे. तेरा १९९९ साली सोडला गेला, अॅक्वा २००२ साली, म्हणजे दोघांनीही ठरलेल्या आयुष्यापेक्षा कितीतरी जास्त काम केलं आहे. मोडिसचा चौकोन एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा, म्हणजे सुमारे २४७ एकरांचा. दुसरा 'व्हीआयआयआरएस', जो २०११ साली गेलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावर आणि त्यानंतरच्या नोआ मालिकेतल्या उपग्रहांवर आहे. त्याचा चौकोन ३७५ मीटर बाजूचा.

३७५ गुणिले ३७५ म्हणजे १,४०,६२५ चौरस मीटर, सुमारे १४ हेक्टर किंवा ३५ एकर. मराठवाड्यातल्या सरासरी शेताचा आकार डोळ्यांपुढे आणला, तर एका ठिपक्याखाली सात-आठ शेतकऱ्यांचे बांध, एखादा ओढा, गायरानाची कड आणि वनखात्याचा दगड, असं सगळं एकदम येऊ शकतं. उपग्रह तिरका पाहत असेल, म्हणजे ती जागा त्याच्या पट्ट्याच्या कडेला असेल, तर हा चौकोन आणखी पसरतो.

म्हणून 'अमक्याच्या गट नंबरमध्ये आग लागली' असं एकट्या ठिपक्यावरून कुणी म्हणत असेल, तर तो नकाशाला न झेपणारी गोष्ट सांगतोय.

ठिपक्यासोबत येणारे दोन आकडे मात्र पाहण्यासारखे असतात. एक आहे खात्रीची पातळी. व्हीआयआयआरएसच्या बाबतीत ती कमी, सर्वसाधारण आणि जास्त अशी तीन पायऱ्यांत देतात. दुसरा आहे आगीतून बाहेर पडणारी औष्णिक शक्ती, जी मेगावॅटमध्ये मोजली जाते. बांधावरचं गवत आणि उसाचा फड यांच्यातला फरक या दुसऱ्या आकड्यात बऱ्याचदा कळतो. स्क्रीनशॉटमध्ये हे दोन्ही आकडे नसतात.

उपग्रह येतो तेव्हा आग असेल तरच

हे उपग्रह एका जागेवर थांबून पाहत नाहीत. ते ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात आणि पृथ्वी त्यांच्याखाली वळत राहते. व्हीआयआयआरएसवाले उपग्रह कुठल्याही जागेवरून तिथल्या सूर्यवेळेनुसार दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातात. जालना भारताच्या प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून बराच पश्चिमेला असल्याने इथल्या घड्याळात ती वेळ साधारण अर्धा तास पुढे जाते. एकापेक्षा जास्त उपग्रह धरले तरी दुपारच्या दोन-अडीच तासांची एक खिडकी आणि मध्यरात्रीनंतरची तेवढीच दुसरी, एवढंच दर्शन मिळतं.

आता गवताची आग कशी असते ते पाहू. कुसळीचं वाळलेलं रान दुपारी चारला पेटलं, पश्चिमेचा वारा मिळाला, तर उतार चढून ती तासा-दीड तासात पठारावर पोचते आणि जळायला काही उरलं नाही की दिवेलागणीपर्यंत विझते. दुपारचा उपग्रह गेलेला असतो, रात्रीचा यायचा असतो. एवढं रान जळून जातं आणि नकाशावर एकही ठिपका पडत नाही. जाड लाकडाची जंगलं दिवसेंदिवस धुमसत राहतात, त्यामुळे ती कधी ना कधी सापडतात. जालन्यातलं रान मुख्यतः गवत, झुडपं आणि विरळ पानझडी झाडांचं आहे. ठिपका नाही म्हणजे आग नव्हती, असं इथे कधीच म्हणता येत नाही.

या वेळेच्या खिडकीचा वाद उत्तर भारतात चांगलाच गाजला. पंजाब-हरियाणातले ठिपके कमी झाले म्हणजे भाताचं पराळ जाळणं कमी झालं, की शेतकरी उपग्रह गेल्यावर दुपारनंतर जाळायला लागले? २०२४ साली कोरियाच्या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांमध्ये दुपारनंतर धूर वाढताना दिसला आणि ही शंका बळावली.

भूस्थिर उपग्रह दिवसभर एकाच भागाकडे पाहत राहतो. भारताकडे इन्सॅट मालिकेतले असे उपग्रह आहेत आणि ते दर अर्ध्या तासाला चित्र देऊ शकतात. पण ते ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आगीसाठी लागणाऱ्या किरणांत त्यांचा चौकोन ४ किलोमीटर बाजूचा, म्हणजे जवळपास ४,००० एकरांचा. त्यात जालन्यातल्या एखाद्या टेकडीवरचं गवत हरवून जातं. सतत पाहणारा डोळा जाडाभरडा आणि बारीक पाहणारा डोळा क्वचित येणारा, ही अडचण सगळ्या जगाची आहे.

डेहराडूनहून वनरक्षकाच्या मोबाइलवर

भारतात जंगलातल्या आगींवर उपग्रहातून लक्ष ठेवण्याचं काम डेहराडूनचं भारतीय वन सर्वेक्षण करतं. २००४ साली मोडिसच्या माहितीवर हे काम सुरू झालं, पुढे व्हीआयआयआरएस जोडलं गेलं. जानेवारी २०१९ मध्ये इशारा यंत्रणेची तिसरी आवृत्ती आली, तेव्हापासून बरीचशी प्रक्रिया आपोआप होते. उपग्रहाची माहिती हैदराबादजवळच्या शादनगर इथे इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्रात उतरते. त्यातून आगीचे बिंदू काढले जातात आणि डेहराडूनला ते वनक्षेत्राच्या सीमांवर ठेवून पाहिले जातात. जे बिंदू वनक्षेत्रात पडतात त्यांचे इशारे संबंधित अधिकाऱ्यांना एसएमएस आणि ईमेलने जातात. त्यासाठी नोंदणी सामान्य नागरिकालाही करता येते, पैसे लागत नाहीत.

इथे उपग्रहाइतकंच महत्त्व नकाशाला येतं. अक्षांश-रेखांशाच्या आकड्यांचा वनरक्षकाला तसा काही उपयोग नाही. त्याला हवं असतं परिक्षेत्र कोणतं, नियतक्षेत्र कोणतं, कक्ष क्रमांक किती. वनखात्याची जमीन अशा कक्षांमध्ये विभागलेली असते आणि त्यांच्या सीमा पूर्वी कापडी-कागदी नकाशांवर होत्या. त्या संगणकावर आणल्याशिवाय आकाशातला बिंदू कुणाच्या हद्दीत आहे हे यंत्रणेला कळणारच नाही. राज्यात सुदूर संवेदनाचं आणि अशा नकाशांचं काम नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून करतं आहे. सीमा जितकी अचूक, तितका इशारा योग्य माणसाकडे जातो. रेघ शंभर-दोनशे मीटर सरकलेली असेल, तर संदेश शेजारच्या नियतक्षेत्रात जातो आणि अर्धा तास 'हे माझ्याकडे नाही' यात जातो.

एकमेकांना लागून अनेक चौकोन एकदम पेटलेले दिसले, तर ती मोठी आग समजून तिच्यावर वेगळं लक्ष ठेवलं जातं. ती वाढतेय की आटोक्यात येतेय, हे नंतरच्या प्रत्येक फेरीत तपासतात.

देशभरातला पसारा किती आहे? नोव्हेंबर ते जून या हंगामात व्हीआयआयआरएसने टिपलेल्या जंगलातल्या आगींची संख्या २०२१-२२ मध्ये २,२३,३३३ होती, २०२२-२३ मध्ये २,१२,२४९ आणि २०२३-२४ मध्ये २,०३,५४४. हे आकडे वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालातले आहेत. हे बिंदू आहेत, स्वतंत्र वणवे नव्हेत. एकच मोठा वणवा डझनभर बिंदू देऊ शकतो आणि दोन दिवस चालला तर दोनदा मोजला जातो.

महाराष्ट्रात या यादीत नेहमी वर असतो तो गडचिरोली. तिथे जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून जास्त भाग जंगल आहे. तिथल्या ठिपक्याबद्दल 'ही जंगलातली आग असेल' असा पहिला अंदाज करणं चुकीचं नाही. जालन्यात मात्र हाच अंदाज उलटा पडतो.

जालन्याचा पेच

महाराष्ट्राचं वनाच्छादन साडेसोळा टक्क्यांच्या आसपास आहे. जालना जिल्ह्यात ते एका टक्क्याच्या आसपास येतं. सुमारे ७,७०० चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचा बाकी जवळजवळ सगळा भाग शेती, पडीक, गायरान आणि वस्ती आहे. जंगल असं जे आहे ते तुकड्यातुकड्यांत. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगरांची उतरण, इतरत्र टेकड्या आणि वनखात्याची रोपवनं. त्यामुळे जिल्ह्यावर पडलेला ठिपका जंगलाबाहेरचा असण्याची शक्यता कितीतरी जास्त.

पहिला संशयित भट्टी. जालना हे सळ्यांसाठी देशभर ओळखलं जाणारं शहर आहे. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या भट्ट्या आणि रोलिंग मिल रात्रंदिवस चालतात. उपग्रहाच्या दृष्टीने वितळलेलं लोखंड आणि पेटलेलं जंगल यांत तसा फरक नाही, दोन्ही ४ मायक्रॉनमध्ये झगमगतात. ओळखायची खूण सोपी आहे. वणवा जागा बदलतो, भट्टी बदलत नाही. मागच्या आठवड्याचे, मागच्या महिन्याचे ठिपके उघडायचे. त्याच जागी, विशेषतः रात्रीच्या फेरीत, पुन्हा पुन्हा ठिपका येत असेल तर तो कारखाना. नासाच्या जुन्या नोंदींमध्ये अशा कायमच्या उष्ण जागांना वेगळा शिक्का मारलेला असतो. पण ताज्या नकाशावर तो नसतो, आणि फिरणारे स्क्रीनशॉट नेमके ताज्या नकाशाचे असतात.

दुसरा संशयित शेत. ऊस तुटून गेला की गोदाकाठच्या पट्ट्यात पाचट पेटवलं जातं. कापसाच्या पऱ्हाट्या, मक्याची धाटं, गव्हाचं काड यांचंही कमी-जास्त प्रमाणात तेच होतं. नकाशावर हे ठिपके पिकांच्या मागे मागे फिरतात. कुठल्या महिन्यात कुठल्या पट्ट्यात ठिपके पडले यावरूनच जाणकार माणूस पीक सांगेल. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा एक गट पिकांचे अवशेष जाळण्याच्या घटना उपग्रहातून रोज मोजतो. पण त्या मोजणीत पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश, दिल्ली, राजस्थान आणि मध्य प्रदेश आहेत. महाराष्ट्र त्या यादीत नाही. दिल्लीच्या हवेशी आपल्या पाचटाचा संबंध नाही म्हणून असेल, पण मराठवाड्याच्या जमिनीशी तो आहेच.

तिसरी गोष्ट खरी काळजीची, ती म्हणजे गायरान. बांध पेटवताना ठिणगी उडाली, रस्त्याकडेला कुणी विडीचं थोटूक टाकलं, किंवा 'जाळलं की नवं गवत चांगलं फुटतं' या जुन्या समजुतीतून मुद्दाम काडी लावली, आणि आग गावच्या चराऊ रानात शिरली. ही आग खरोखरची वणव्याची आहे. पण गायरान वनखात्याच्या नकाशावर नसतं, ते महसूल आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतं. वनक्षेत्राच्या सीमांनी चाळलेल्या इशाऱ्यांमधून तो बिंदू गळून पडतो. आग उपग्रहाला दिसलेली असते, नासाच्या नकाशावर ठिपकाही असतो, पण कुणाचाही मोबाइल वाजत नाही.

यात काय जातं ते दुष्काळी भागाला वेगळं सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या वर्षी मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि चाऱ्यासाठी माणसं वणवण फिरली. फेब्रुवारीत जळालेलं गवत हे मे महिन्यातल्या जनावरांच्या तोंडचं असतं. शिवाय कडब्याची गंजी, ठिबकच्या नळ्या, बागेची कड हे सगळं त्याच वाऱ्याच्या वाटेवर. तितर-लाव्यांसारखे जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आणि काळविटांची चरण्याची जागा याच माळरानांत आहे, आणि ही मैदानं कुठल्याही जंगलाच्या आकडेवारीत धड मोजली जात नाहीत.

खरं तर उपाय तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. वनक्षेत्राच्या थराशेजारी गायरानांच्या गट क्रमांकांचा थर ठेवला आणि बिंदू दोन्हींवर तपासला, तर इशारा तलाठी आणि ग्रामपंचायतीपर्यंत पोचू शकतो. ठिपका आधीच मोफत उपलब्ध आहे. फक्त तो कुणाच्या जबाबदारीचा, हे नकाशावर लिहिलेलं नाही.

भट्टी, शेत आणि गायरान यांच्याशिवाय एक चौथा, फसवा प्रकारही आहे. एप्रिल-मेमध्ये उघडी काळी जमीन आणि पत्र्यांची छपरं भर दुपारी इतकी तापतात की कधीकधी संगणकच चकतो. अशा ठिपक्यांची खात्रीची पातळी सहसा कमी असते आणि रात्रीच्या फेरीत ते गायब होतात.

आग विझल्यावरचा नकाशा

चुकलेल्या आगी नंतर सापडतात त्या जळालेल्या डागावरून. इथे कामाला येतात युरोपचे सेंटिनल-२ उपग्रह. ते उष्णता मोजत नाहीत, सूर्यप्रकाशातलं चित्र घेतात, पण फार बारकाईने. त्यांच्या काही पट्ट्यांतला चौकोन १० मीटर बाजूचा, म्हणजे १०० चौरस मीटर, जवळजवळ बरोबर एक गुंठा. ३५ एकरांच्या ठिपक्यावरून एका गुंठ्यावर आल्यावर कुठला बांध जळाला आणि कुठला वाचला हे दिसायला लागतं. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी तीच जागा पुन्हा टिपतात, आणि ही चित्रंही मोफत आहेत.

तंत्र असं: हिरवी किंवा वाळकी वनस्पती जवळचे अवरक्त किरण भरपूर परत फेकते. जळाल्यावर ते कमी होतात आणि लघुतरंग अवरक्त किरण वाढतात. या दोन्हींच्या फरकाला बेरजेने भागून एक निर्देशांक काढतात. आगीआधीच्या चित्राचा निर्देशांक उणे आगीनंतरच्या चित्राचा, जितका फरक मोठा तितकी जागा जास्त होरपळलेली. लघुतरंगाचा चौकोन २० मीटरचा असल्याने हा हिशेब प्रत्यक्षात चार गुंठ्यांच्या तुकड्यांत होतो, पण जळालेलं रान मोजायला तो पुरेसा बारीक आहे.

मराठवाड्यात या हिशेबात एक खोच आहे, ती म्हणजे काळी माती. ताजी नांगरट केलेलं शेत आणि जळालेलं माळरान वरून पाहिलं तर दोन्ही काळीभोर, दोन्हींवर वनस्पती नाही. नांगरटीचा हंगाम आणि आगीचा हंगाम एकच. त्यामुळे नुसत्या निर्देशांकावर सोडलं तर यंत्र अर्ध्या शिवाराला 'जळालेलं' ठरवू शकतं. डागाचा आकार पाहावा लागतो. नांगरटीला सरळ कडा आणि कोपरे असतात, आगीची कड वाऱ्याच्या दिशेने जिभेसारखी वाकडीतिकडी लांबत जाते. ज्या डागाच्या आत कुठेतरी त्याच दिवसाचा लाल ठिपका आहे, त्याची खात्री सर्वात जास्त. आणि हे सगळं पहिल्या पावसाच्या आत करायचं, कारण जूनमध्ये एकदा गवत फुटलं की डाग पुसला जातो.

या कामाला वेळ मिळाला, तर गेल्या दहा वर्षांत गावातलं कुठलं रान किती वेळा जळालं याचा नकाशा घरबसल्या तयार होऊ शकतो.

आग लागण्याआधी

वनखात्यासाठी खरं काम फेब्रुवारीच्या आधीच सुरू होतं. राज्यात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानला जातो. त्याआधी जाळरेषा घ्यायच्या असतात, म्हणजे ठरावीक रुंदीच्या पट्ट्यातलं गवत कापून किंवा नियंत्रित पद्धतीने जाळून रान तोडायचं, जेणेकरून आग पलीकडे उडी मारणार नाही. माणसं आणि पैसा मोजका असतो, त्यामुळे जाळरेषा कुठे घ्यायच्या हा प्रश्न नकाशावर सोडवायचा असतो.

मागच्या वर्षांचे ठिपके आणि डाग एकत्र ठेवले की आग नेहमी कुठून आत शिरते ते दिसतं. बहुतेकदा ती जंगलाच्या मध्यात सुरू होत नाही. ती शेताच्या, रस्त्याच्या, पायवाटेच्या कडेने येते. त्यावर चढ-उताराचा नकाशा ठेवायचा. आग चढावर जास्त वेगाने पळते. ढोबळ हिशेब असा की उतार दहा अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. म्हणजे डोंगराच्या पायथ्याची वाळकी पट्टी राखणं हे माथ्यावर माणसं उभी करण्यापेक्षा फायद्याचं. पाणवठे, पोचरस्ते आणि जवळची गावं याच नकाशावर आली की टँकर कुठपर्यंत जाईल हेही आधीच कळतं.

वन सर्वेक्षणाने सारा देश ५ किलोमीटर बाजूच्या चौकोनांत विभागून, वर्षानुवर्षांच्या आगींच्या नोंदींवरून जंगलांची जोखीम ठरवली आहे. २०१९ च्या अहवालानुसार देशातल्या वनाच्छादनापैकी २१.४० टक्के भाग जास्त ते अतितीव्र जोखमीच्या गटात होता. पावसाचा खंड, तापमान, वारा अशा हवामानाच्या आकड्यांवरून आगाऊ इशारेही दिले जातात. जालन्यातली जंगलं या मोठ्या चौकोनांत फार ठळक उठून दिसणार नाहीत. पाच किलोमीटरच्या चौकोनात इथे वनाचा तुकडा जेमतेम एखादा कोपरा व्यापतो. जिल्ह्याला स्वतःचा बारीक नकाशा लागतो तो यासाठी.

तंत्रज्ञानाची मर्यादा कशी आडवी येते हे मार्च २०२३ मध्ये गोव्यात दिसलं. म्हादई अभयारण्यात आणि आसपास कित्येक दिवस आगी लागत राहिल्या, हवाई दल आणि नौदलाची हेलिकॉप्टर पाणी घेऊन आली. सह्याद्रीच्या दाट छत्राखाली आग जमिनीवरच्या पाचोळ्यातून सरपटत जाते. वरून पानं आडवी येतात आणि उष्णता पुरती वर पोचत नाही. जालन्यात छत्र विरळ असल्याने ही अडचण कमी. इथली अडचण वेगाची. गवताची आग पाण्याचं हेलिकॉप्टर मागवेपर्यंत थांबत नाही, ती विझते पहिल्या तासात पोचलेल्या माणसांनी हिरव्या फांद्यांनी झोडपल्यामुळे. पहिल्या तासात पोचायचं तर उपग्रहाची वाट पाहून चालत नाही. संवेदकाने पाहिल्यापासून माहिती नकाशावर यायला काही तास लागू शकतात.

ठिपका दिसला तर

मोबाइलवर असा नकाशा आला, तर तो पुढे पाठवण्याआधी पाच मिनिटांत तपासता येतो. आधी तारीख पाहायची. अनेक नकाशे एका दिवसाचे नसून आठवड्याचे किंवा महिन्याचे असतात आणि सगळे ठिपके एकाच वेळी पेटल्यासारखे दिसतात. जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचं एक चित्र जगभर असंच फिरलं. संपूर्ण किनारा धगधगताना दाखवणारं ते चित्र उपग्रहाचा फोटो नव्हतंच, ती एका कलाकाराने महिनाभराच्या ठिपक्यांवरून केलेली रचना होती. ठिपक्याचा आकारही फसवतो. जिल्ह्याचा नकाशा लहान करून पाहिला, तर पडद्यावरचा एक ठिपका तालुक्याचा मोठा भाग झाकतो, प्रत्यक्षात त्याखाली ३५ एकर असतात आणि त्यातलेही मोजकेच गुंठे पेटलेले असू शकतात.

मग फर्म्सवर जाऊन तीच जागा मोठी करायची, पार्श्वभूमीला उपग्रह चित्र लावायचं. खाली कारखान्याची छपरं दिसतात, उसाचे चौकोन दिसतात की टेकडी, ते कळतं. मागचे काही दिवस चाळून ठिपका जागेवरच आहे की नवा, ते पाहायचं. खात्रीची पातळी आणि मेगावॅटचा आकडा ठिपक्यावर बोट ठेवलं की येतो.

टेकडीवर किंवा रानात आग दिसत असेल, मग ती नकाशावर असो वा डोळ्यांपुढे, तर वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे, अग्निशमन दलाचा १०१ आणि आपत्कालीन मदतीचा ११२. सांगताना गावाचं नाव, जवळची ओळखीची खूण, आग कोणत्या दिशेला सरकतेय आणि वारा कुठून आहे एवढं सांगितलं तरी पुष्कळ. मोबाइलवर नकाशा उघडून स्वतःच्या जागेचे अक्षांश-रेखांश देता आले तर आणखी चांगलं, ते आकडे उपग्रहाच्या ठिपक्यापेक्षा कितीतरी अचूक असतात. राखीव वनात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. ज्या गावकऱ्यांना जंगलात चराई किंवा इतर हक्क आहेत, त्यांनी आगीची खबर देणं आणि ती विझवायला मदत करणं हे त्याच कायद्याच्या कलम ७९ नुसार त्यांचं कर्तव्य आहे.

गायरानात आग असेल तरी फोन करायचाच, कारण वारा वनखात्याचा दगड पाहून थांबत नाही. आणि आग विझल्यावर जागेचे फोटो, तारीख आणि वेळ जपून ठेवायची. पाच दिवसांच्या आत सेंटिनलचं पुढचं चित्र येईल, त्यावर तो काळा डाग असेल. किती रान गेलं हे मोजायला तेव्हा अंदाज करावा लागणार नाही.